पाव इंचाचा इतिहास

बारा बोअरच्या जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकीचे चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुधा अडीच इंची असते आणि आज जगभर सर्रास विकले जाणारे काडतूस पावणेतीन इंची. हे पावणेतीन इंची काडतूस त्या अडीच इंची घरात कुठेही न अडता बसते. बंदूक नीट मिटते, चाप ओढला की बार उडतो आणि वापरणाऱ्याला काही चुकल्याची पुसटशी शंकाही येत नाही. तरीही बंदुकीच्या सुरक्षिततेचे नियम गेली शंभर वर्षे याच पाव इंचावर अडून बसले आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. हा धोका यंत्रातल्या एखाद्या दोषामुळे आला नाही. बंदूक घडवणारा, काडतूस भरणारा आणि बार उडवणारा ही तीन माणसे एकोणिसाव्या शतकात एकमेकांपासून दूर गेली. पूर्वी एकाच्या हातात असलेली माहिती तिघांत विभागली गेली, आणि तिला पुन्हा जोडणारा दुवा म्हणून नळीवरच्या खुणा आणि खोक्यावरचे आकडे जन्माला आले. ते न वाचता केवळ ‘आत जाते ना’ एवढ्यावर विसंबणे म्हणजे तो दुवा आपल्या हाताने तोडणे.

ठासणीच्या बंदुकीला लांबीचा प्रश्न कधी पडलाच नाही. दारू मापाने मोजून तोंडाकडून ओतायची, वर बोळा ठासायचा, छर्रे घालायचे, पुन्हा बोळा ठासायचा आणि मागे टोपी चढवायची. किती दारू आणि किती छर्रे याचा निर्णय प्रत्येक बाराला वापरणारा स्वतः घेई. चुका होत, आणि जीवघेण्या होत. गडबडीत एकाच नळीत दोनदा दारू भरणे ही त्यांतली नेहमीची. पण ती चूक त्या माणसाच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्याच हाताने झालेली असे. बंदुकीचे मोजमापही त्या काळच्या व्यवहारातून आले होते. नळीत नेमका बसणारा शिशाचा गोळा घ्यायचा. तसे बारा गोळे मिळून एक पौंड भरले तर बंदूक बारा बोअरची, वीस भरले तर वीस बोअरची. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास त्या हिशोबाने सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. या पद्धतीत रुंदी होती, वजन होते, पण लांबी मुळीच नव्हती, कारण ठासणीच्या बंदुकीत ‘काडतुसाची जागा’ अशी वेगळी नसतेच. पुढे काडतूस आले तेव्हा बोअरचा आकडा तसाच पुढे चालू राहिला आणि लांबीचा आकडा त्याला मागाहून चिकटला. लांबीकडे दुर्लक्ष होण्याची सवय बऱ्याच अंशी इथेच पडली असावी.

मागून भरायच्या बंदुकीचा खरा प्रसार पॅरिसच्या कॅसिमिर लेफोशो याच्या रचनेपासून झाला. १८३० च्या दशकात त्याने मधून मोडणारी बंदूक बनवली, आणि कागदी नळकांड्याला पितळी बूड असलेले, कडेने पिन बाहेर डोकावणारे काडतूस तिच्यासोबत रूढ झाले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ही बंदूक इंग्लिश कारागिरांनी पाहिली आणि दहा-पंधरा वर्षांत तिथल्या धंद्याचे रूपच पालटले. १८६१ मध्ये लंडनच्या जॉर्ज डॉ याने बुडाच्या मध्यभागी टोपी असलेले काडतूस बाजारात आणले. त्याच्या पेटंटवरून काडतूस बनवणाऱ्या एली बंधूंशी कोर्टकचेरी झाली, डॉ याची मक्तेदारी टिकली नाही आणि मध्यभागी टोपीचे काडतूस सगळ्यांना मोकळे झाले. सुरुवातीला याने फारसे काही बिघडले नाही. इंग्लंडमधल्या गावोगावच्या बंदूकवाल्यांनी एलीसारख्या कारखान्यांकडून रिकामी नळकांडी घ्यायची, आपल्या दुकानात दारू आणि छर्रे भरायचे आणि आपल्याच गिऱ्हाईकाला द्यायचे, अशी रीत होती. त्या गिऱ्हाईकाच्या बंदुकीचे चेंबर किती खोल आहे हे त्या दुकानदाराला ठाऊक असे, कारण पुष्कळदा ती बंदूक त्यानेच विकलेली किंवा दुरुस्त केलेली असे. दोन इंच, अडीच इंच, पावणेतीन इंच, तीन इंच अशी निरनिराळ्या लांबीची चेंबरे एकाच वेळी चालत होती, आणि तरी ती चालत होती ती या ओळखीच्या बळावर. ओळख संपली तेव्हा लांबी धोक्याची झाली.

धोका नेमका कसा होतो हे कळण्यासाठी काडतूस आणि नळी जवळून पाहायला हवीत. बारा बोअरचे चेंबर पुढच्या टोकाला सुमारे २०.३ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे नळीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त. हा फरक हिशोबाने ठेवलेला आहे. नळकांड्याची कागदी किंवा प्लास्टिकची भिंत पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ती चेंबरच्या रुंदीत दोन्ही बाजूंनी सामावली की नळकांड्याचा आतला व्यास आणि पुढच्या नळीचा व्यास जवळपास एक होतात, आणि छर्रे व बोळा विनाअडथळा पुढे सरकतात. चेंबर आणि नळी यांच्या मध्ये एक निमुळता उतार असतो, त्याला कारागीर कोन म्हणतात. आता काडतुसाकडे पाहू. त्याचे पुढचे तोंड मिटवलेले असते. जुन्या पद्धतीत कडा आत वळवून पुठ्ठ्याच्या चकतीवर दाबलेली, नव्या पद्धतीत चांदणीसारख्या घड्या घालून बंद केलेली. खोक्यावर जी लांबी छापतात ती या मिटलेल्या काडतुसाची नसते. बार उडून तोंड उघडल्यावर नळकांडे जेवढे लांब होते तेवढी ती असते. त्यामुळे पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचे काडतूस हातात घेऊन मोजले तर साठ मिलिमीटरच्या आतबाहेर भरते आणि अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरच्या, चेंबरात आरामात शिरते. तीन इंची काडतूसही याच न्यायाने पावणेतीन इंची चेंबरात जाते. शिवाय काडतुसाला जागेवर धरून ठेवते ती त्याची मागची कड. पुढे टेकून अडवणारे काहीच नसते. हाताला लागणारा अडथळा ही माणसाची सर्वांत जुनी धोक्याची सूचना. या यंत्रात ती मिळतच नाही.

बार उडतो तेव्हा मिटलेले तोंड उघडत पुढे झेपावते. चेंबर पुरेसे खोल असेल तर उघडलेल्या कडा त्याच्या भिंतीला लागून पसरतात. खोल नसेल तर त्या कोनाच्या उतारात शिरतात, तिथे त्यांना पूर्ण पसरायला जागा मिळत नाही, आणि नळकांड्याचे तोंड छर्र्यांच्या वाटेतच आवळले जाते. वेळही नेमकी वाईट असते. छर्रे जागचे हलून इंचभर पुढे जातात न जातात तोच दारूचा दाब शिखराला पोचत असतो, आणि तोंड उघडण्याचा क्षण त्याच चढणीवर येतो. वाट अडली की वायू साचतो, दाब आणखी चढतो, मागे धक्का जास्त बसतो. कोन जितका आखूड आणि तीव्र, भिंत जितकी जाड, भरणा जितका जड, तितकी ही चिमट घट्ट. उलट दिशेने पाहिले तर आखूड काडतूस लांब चेंबरात उडवल्याने दाब वाढत नाही. मधल्या मोकळ्या जागेत थोडा वायू निसटतो आणि चेंबरात काजळी जास्त धरते, इतकेच. म्हणून हा नियम एकतर्फी आहे: चेंबरपेक्षा आखूड चालते, लांब चालत नाही.

पाव इंचाचा प्रश्न ऐरणीवर आणला तो दोन बदलांनी. पहिला दारूचा. १८६० च्या दशकात लाकडाच्या लगद्यापासून केलेली शुल्ट्झ पावडर आली आणि शतक संपेपर्यंत काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूने घेतली. काळी दारू जास्त झाली तर धूर आणि धक्क्याने ते कळे; नव्या दारूत थोड्याशा फरकाने दाब मोठी उडी घेऊ शकतो. दुसरा बदल बाजाराचा. अमेरिकेत बारा बोअरला दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच आणि सोळा बोअरला दोन पूर्णांक नऊ षोडशांश इंच अशा लांबी रूढ होत्या. १९२२ मध्ये वेस्टर्न कंपनीचे सुपर-एक्स काडतूस सावकाश जळणाऱ्या दारूसह आले, लांब पल्ल्याच्या जड भरण्याची चढाओढ लागली, आणि पुढच्या दशकभरात पावणेतीन इंच हीच तिथली सर्वसाधारण लांबी ठरली. तिच्यावर तीन इंची आली, आणि १९८८ मध्ये साडेतीन इंचीही. काडतुसे अशी भराभर पुढे गेली. बंदुका मात्र जिथल्या तिथे राहिल्या. चांगली जोपासलेली बंदूक तीन-चार पिढ्या टिकते. ब्राउनिंगच्या सोळा बोअरच्या ऑटो-५ बंदुका याचे उघड उदाहरण आहेत. त्यांतल्या जुन्यांची चेंबरे आखूड लांबीची. त्यांत आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस घातले की उडालेले नळकांडे बाहेर पडायच्या खिडकीतच अडकते. तिथे निदान यंत्र कुरकुर करते. साध्या दुनळीत तेवढेही होत नाही.

बंदूक आणि काडतूस यांच्यातल्या या फटीवर इंग्लंडने शोधलेला उपाय म्हणजे नळीची सरकारमान्य परीक्षा आणि तिची कोरीव खूण. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. मुद्दाम जास्त भरणा करून बार उडवायचा, नळी टिकली तर शिक्का मारायचा, ही मूळ पद्धत. १८६८ च्या कायद्याने अशी परीक्षा न झालेली, किंवा परीक्षेनंतर फेरफार होऊन कमकुवत झालेली बंदूक विकणे हा गुन्हा ठरला. खुणांचा इतिहास पाहिला तर लांबीची जाणीव कशी हळूहळू जागी झाली ते दिसते. १८८७ च्या नियमांत चौकटाकृती खुणेत बोअरचा आकडा आणि त्याखाली चेंबर दाखवणारे अक्षर आले, पण ते एवढेच सांगे की चेंबर साधे आहे की तीन इंच वा त्याहून लांब. १९२५ च्या नियमांनंतर चेंबरची लांबी इंचांत कोरली जाऊ लागली. १९५४ मध्ये तिच्या जोडीला दाब आला: अडीच इंचाला तीन टन, पावणेतीन इंचाला सव्वातीन टन, तीन इंचाला चार टन, दर चौरस इंचाला. १९८९ पासून लांबी मिलिमीटरमध्ये आणि दाब बारमध्ये लिहितात. नळ्या काढून उलट्या धरल्या की बुडाजवळच्या सपाट भागावर या खुणा ओळीने दिसतात. त्या वाचता येणाऱ्याला बंदूक कोणत्या काळातली, कोणत्या भरण्यासाठी तपासलेली आणि किती खोल आहे हे घडवणारा हयात नसतानाही समजते. गावच्या दुकानदाराच्या डोक्यात असलेली ओळख पोलादावर उतरवण्याचे काम या खुणांनी केले.

चेंबरपेक्षा लांब काडतूस नको, या नियमाला पहिला आक्षेप अनुभवाचा असतो: आमच्या घरच्या बंदुकीत वर्षानुवर्षे लांब काडतुसे उडवली, काही झाले नाही. हा अनुभव खोटा नसतो. परीक्षेच्या वेळी नळीवर नेहमीपेक्षा बराच जास्त ताण दिलेला असतो, आणि ती राखीव ताकद पुष्कळ चुका पोटात घालते. पण ती ठेवली आहे ती झिजेसाठी, गंजासाठी, कारखान्यात एखाद्या काडतुसात पडलेल्या कमीजास्त दारूसाठी, उन्हात तापलेल्या दारूच्या वाढलेल्या जोरासाठी. लांब काडतूस रोज त्या राखीवेतून थोडे उचलत राहते. नळी फुटली नाही तरी सांधा ढिला पडतो, नळ्या आणि बूड यांच्यामध्ये हळूहळू फट पडते, आणि आतून घासून पातळ झालेल्या नळीची भिंत किती उरली आहे हे बाहेरून दिसत नाही. ‘काही झाले नाही’ हे विधान गेलेल्या बारांबद्दल खरे असते. पुढच्या बाराबद्दल ते काहीच सांगत नाही, कारण दर बाराला नळी थोडी वेगळी झालेली असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो प्रयोगांवर उभा आहे. अमेरिकेतल्या जुन्या दुनळींच्या अभ्यासकांनी मोजमापाच्या नळ्या वापरून लांब काडतुसे आखूड चेंबरात उडवून पाहिली. दाब वाढला, पण पुष्कळदा ती वाढ माफक होती, नळी फाडण्याइतकी नव्हती. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे खुद्द काडतूस कारखान्यांनी ६५ मिलिमीटरच्या चेंबरांसाठी ६७ मिलिमीटरच्या आसपास लांब नळकांडी वापरली आहेत. मग नियम अतिरेकी आहे का? मला वाटते, हीच उदाहरणे नियमाचा खरा अर्थ उलगडतात. कारखाना ६७ मिलिमीटरचे नळकांडे वापरतो तेव्हा त्याची भिंत, घडी, दारू आणि भरणा ठरवून, आखूड चेंबरात तपासून मगच खोक्यावर तसे लिहितो. अभ्यासकांच्या प्रयोगातही कोणते काडतूस, कोणता कोन, किती भरणा हे सगळे ठाऊक असते. घरातल्या जुन्या बंदुकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला यांतले काहीच ठाऊक नसते. माफक वाढ ही विशिष्ट जोडीची सरासरी आहे; वाईट जोडी कोणती हे आधी सांगता येत नाही. ज्याच्याकडे मोजायचे साधन आहे त्याने मोजलेल्या आकड्यावर चालावे. बाकीच्यांसाठी लिहिलेला आकडा हेच मोजमाप.

तिसरा आक्षेप आजच्या नियमांचाच दाखला देतो. बेल्जियममध्ये ठाणे असलेल्या आंतरराष्ट्रीय परीक्षा आयोगाच्या नियमांत बारा बोअरच्या साध्या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा ७४० बार आहे, आणि ती अडीच इंचीला तशीच पावणेतीन इंचीला. मर्यादा एकच असेल तर पाव इंचाने काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर तो आकडा कसा काढतात यात आहे. दाब मोजण्याची नळी त्या काडतुसाच्या लांबीला जुळणाऱ्या चेंबरची असते. तेच काडतूस आखूड चेंबरात गेले की खोक्यावरची हमी त्या बाराला लागूच होत नाही. शिवाय ही मर्यादा आजच्या नियमांनी तपासलेल्या बंदुकांची आहे. १९०० च्या सुमाराला काळ्या दारूने किंवा हलक्या भरण्याने तपासलेली नळी तिच्यात धरलेली नाही. म्हणूनच नुसती लांबी जुळणेही पुरेसे नसते. अडीच इंची काडतूससुद्धा जुन्या नळीला झेपेल अशा दाबाचे असावे लागते. काही जण चेंबर घासून खोल करून घेतात. तसे केल्याने भिंत ठीक त्याच जागी पातळ होते जिथे दाब सर्वाधिक असतो, आणि पुन्हा परीक्षा करून घेतली नाही तर नळीवरची खूण निव्वळ खोटी ठरते.

रुंदीच्या चुकीवर धंद्याने उपाय केला, लांबीच्या चुकीवर तितका केला नाही, ही माझी खरी तक्रार आहे. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत घातले तर ते घसरून पुढे कोनाजवळ जाऊन अडकते. मागे चेंबर रिकामे दिसते, वापरणारा बारा बोअरचे काडतूस घालतो आणि नळी फुटते. असे अपघात घडल्यावर वीस बोअरची काडतुसे पिवळी करण्याची पद्धत गेल्या शतकात रूढ झाली. अंधुक उजेडातही रंग ओळखता येतो, वाचावे लागत नाही. १९६० पासून प्लास्टिकची नळकांडी आल्यावर हवे ते रंग देणे सोपेही झाले. लांबीसाठी मात्र बारीक छापील अक्षरेच राहिली, आणि ती काडतुसे खोक्यातून निघून पट्ट्यात गेली की नजरेआड होतात.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारातलाही आहे. इंग्रजी अमलात इंग्लिश दुनळी इथे मोठ्या संख्येने आल्या. आर्मी अँड नेव्ही या लंडनच्या दुकानाची शाखा मुंबईत होती, तिची इमारत काळाघोड्याजवळ अजून उभी आहे. तिच्या नावाच्या बंदुका जुन्या घराण्यांत आढळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले, पण बंदुका परवान्यावर वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे गेल्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी साधी बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा शेजारी शेजारी उल्लेख आहे, म्हणजे या लेखातले दोन्ही काळ आपल्याकडे आजही एकत्र नांदत आहेत. काडतुसे बनतात ती खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात, ‘शक्तिमान’ या नावाने. बंदूक आजोबांची, परवाना नातवाचा, काडतूस आजचे, आणि तिघांना जोडणारा जाणता दुकानदार आता प्रत्येक तालुक्यात नाही. अशा घरासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत: नळ्यांच्या बुडावरची खूण परवानाधारक कारागिराकडून वाचून घ्यावी आणि चेंबर गेजने मोजून घ्यावे, कारण मधल्या काळात कुणी ते घासलेले असू शकते, खोक्यावरची लांबी त्याहून जास्त असेल तर ते खोके परत करावे, आणि खूण वाचता येत नसेल किंवा नळीला चरे वा खळगे पडले असतील तर ती बंदूक भिंतीवर शोभेला ठेवावी. कारखान्यांनी चेंबरची लांबी खोक्यावर मराठीसह प्रत्येक प्रादेशिक भाषेत ठळक छापावी, आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बंदुकीच्या चेंबरची लांबी परवान्यावर नोंदवली जावी. यासाठी नवे संशोधन लागत नाही. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून जे पोलादावर कोरले, ते परवाना हातात असलेल्या माणसाला वाचता यावे, एवढेच त्यातून साधायचे आहे.